उरलेले चार आणे

कुंपणाबाहेर नऊ कुत्रे बसले होते. धुरपतानं ते दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा मोजताना एक उठून दुसरीकडे जाऊन बसला होता. सहा टेंभरीचेच, दोन नाल्यापलीकडच्या टोलीवरचे, आणि एक लाल कानांचा, तो कुठून आला होता ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नऊही नर. नऊही तोंडं तिच्या झोपडीच्या दाराकडे वळलेली. आणि झोपडीत कुत्री नव्हती. होता तो काबऱ्या, आणि तोही नरच.

धुरपताच्या कमरेला खड्यांची थैली असे. जितक्या बकऱ्या तितके खडे. सकाळी एकेक बकरी कुंपणातून बाहेर पडली की एकेक खडा डाव्या कप्प्यातून उजव्या कप्प्यात जाई, संध्याकाळी उलट. तिला आकडे लिहिता येत नव्हते, पण मोजण्यात तिची चूक काढणारा माणूस टेंभरीत जन्मला नव्हता. थैलीत आता एक्केचाळीस खडे होते. अकरा तिच्या बकऱ्यांचे, तीस गावकऱ्यांच्या बकऱ्यांचे. दोन महिन्यांपूर्वी चव्वेचाळीस होते. कमी झालेले तीन तिनं फेकले नव्हते, चुलीमागच्या फळीवर ठेवले होते. त्या तिन्ही बकऱ्या बिबट्यानं नेल्या, तिन्ही दिवसाउजेडी.

काबऱ्या धड असता तर नेल्या नसत्या. सात वर्षं तो कळपाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूनं चाले, आणि बिबट्याचा वास आला की असा भुंके की खालच्या गावातले गडी काठ्या घेऊन निघत. पण दिवाळीपासून त्याचं काहीतरी बिघडलं होतं. दोन्ही कुशींवरचे केस गेले होते, आणि गंमत अशी की दोन्हीकडे सारख्याच आकाराचं टक्कल, तळहाताएवढं. पोटाखालचे सड व्यायलेल्या कुत्रीसारखे फुगले होते. आणि हे कुत्रे. रानात गेलं तरी मागे, घरी आलं तरी मागे. त्यांना हुसकावण्यात काबऱ्याचा दिवस जाई. बिबट्यानं ते बरोबर हेरलं होतं.

त्या सकाळी रूपराव पाटील स्वतः कुंपणापाशी आले. मागे दहा-बारा माणसं, त्यात नत्थूजी कोतवाल आणि चिंधू. चिंधू म्हणजे गावचे गोऱ्हे, बोकड खच्ची करणारा हात. पंचक्रोशीत त्याच्याइतका साफ हात नाही, असं तोच सांगे.

"धुरपता, काय तमाशा लावून ठेवला हा?" पाटील म्हणाले.

"मी कुठं लावला? थो पाहा तुमचा कुत्रा, तिसरा. त्यालेच इचारा काऊन आला म्हनून."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पाटलांनी मान वळवली तसं थांबलं.

"काल ह्या कुत्र्यांनी माही कालवड फाडली. अन लोक काय म्हनून राह्यले मालूम हाय तुले? नराची मादी झाली म्हनते. असं झालं का गावावर काही ना काही येते."

"गावावर बिबट्या आला हाय. तो तं कुत्र्यानं नाई आनला."

चिंधू पुढे झाला. "पाटील, मी सोता खच्ची केलता ह्याले. सात वर्षं झाली. खच्ची कुत्र्याच्या मागं कुत्रे लागत नाई. हे दवादारूचं काम नाई, हे येगळंच हाय."

पाटलांनी निकाल देऊन टाकला. चार दिवसांनी बाजार. बाजार झाला की नत्थूजी कुचल्याचा लाडू टाकेल. तो विषाचा लाडू गावात सगळ्यांना माहीत होता, पिसाळलेल्या कुत्र्यांसाठी कोतवालाकडे असे.

"गोमाजी कूपातून येऊ दे, मंग त्यालेबी सांगतो मी," पाटील म्हणाले. गोमाजी धुरपताचा नवरा. जंगलखात्याच्या कूपात लाकूडतोडीला गेलेला, शिमग्याशिवाय परतणार नव्हता.

"गोमाजी यीन तेव्हा यीन. कुत्रा माहा हाय. लाडू टाकाच, नत्थूजी. कुंपनाच्या आत पडला तं पयले मी खाईन."

नत्थूजी दोन पावलं मागे सरला.

"मंग तुह्याकडे बकऱ्या ठेवाले लोक तयार नाई," पाटील म्हणाले. "तीस बकऱ्या निघून जाईन. सांगून ठेवतो."

दुपारी बकऱ्या सावलीला बसल्यावर तिनं काबऱ्याला उताणं केलं. ती त्याच्याशी गोंडीत बोले, तो गोंडीत ऐके. तिनं पोटावरून बोटं फिरवली, घाई न करता, गाभण बकरीचं पोट चाचपतात तशी. मागच्या बाजूला, उजवीकडे, बोटांखाली काहीतरी आलं. कडक, गोल, कवठाएवढं. दाबलं की सरके, सोडलं की परत येई. काबऱ्या कण्हला नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला.

ती तशीच बसली आणि सात वर्षांपूर्वीची गोष्ट आठवू लागली. चिंधूचा भाव ठरलेला होता, जोडीचे आठ आणे. काबऱ्याला धरून दिलं तेव्हा त्याला एकच आंड सापडलं. ते त्यानं काढलं आणि इमानदारीनं चारच आणे घेतले. 'याले एकच हाय, धुरपता. देवानं दुसरं देलंच नाई.' चार आणे वाचले म्हणून ती खूश झाली होती. गावभर सांगितलंही होतं.

पण बोकडांत तिनं पाहिलं होतं. एखाद्याचं एक खाली उतरतच नाही, वर पोटात चढून बसतं. तसा बोकड खच्ची केला तरी बोकडासारखाच घाण मारतो. मग कुत्र्यात का नसावं? चार आणे अर्ध्या कामाचे होते. अर्धं काम आत राहिलं होतं, आणि सात वर्षं वाढत होतं.

ती उठून चिंधूच्या दारात गेली.

"चिंधू, चार आन्याचं काम राह्यलं तुहं."

"कोन्तं?"

"दुसरं हाय. पोटात हाय. हात लावून पाहा."

"हाताले लागलं नाई ते नाईच." चिंधू विडी ओढत म्हणाला. "वीस वर्षं झाली मले हे काम करता करता. तू मले शिकवतं?"

"तुह्या हाताले देव तरी लागला का कधी? मंग तोबी नाई म्हन."

चिंधूची बायको आतून खोकल्यासारखं करून हसली. धुरपता परत फिरली ती ठरवूनच.

दुसऱ्या दिवशी बकऱ्या नणंदेच्या, भागीरथाच्या हवाली करून ती काबऱ्याला घेऊन सेलूला निघाली. पाच मैल. नऊपैकी चार कुत्रे नाल्यापर्यंत आले, दोन थेट सेलूच्या वेशीपर्यंत.

गुरांच्या दवाखान्यात मधुकरराव नावाचे तरुण डॉक्टर होते, कॉलेज संपवून वर्ष झालेले. पण आधी भेटले ते कंपाउंडर प्रभाकरराव. भिंतीवर फळा होता. त्यांनी तो छडीनं वाचून दाखवला.

"बैल, गाय, म्हैस, बकरी, मेंढी फुकट. घोडा, कुत्रा, मांजर यांना फी. पोट उघडायचं तर दहा रुपये. क्लोरोफॉर्म तीन. टाक्यांचा दोरा दीड. पाच दिवस मुक्काम, रोजचे सहा आणे. म्हणजे एकूण सोळा रुपये सहा आणे."

"बैल फुकट, अन कुत्र्याले पैसे काऊन?"

"बैल शेतीचा. कुत्रा शौकाचा. सरकारचा नियम आहे, बाई."

धुरपतानं आपले पाय पुढे केले. टाचांना भेगा, पायात काही नाही. "माह्या अंगावर कुठं शौक दिसून राह्यला तुमाले?"

सोळा रुपयांत एक बकरी येत होती. बकरी विकायची नाही, हे तिनं नाल्यापाशीच ठरवलं होतं. ती दारातच बसली आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत उठली नाही.

"डाक्टर सायेब, तुमच्या वहीत पाहा. टेंभरीच्या किती बकऱ्यांले तुमी टाके घातले? दिवाळीपासून."

मधुकररावांना प्रश्न आवडला. त्यांनी वही काढली, बोट लावून पानं उलटली. "टेंभरी. शेळी, बिबट्याची जखम. एक, दोन... चार."

"त्याच्या आंधी?"

त्यांनी मागची पानं चाळली, मग जुनी वही मागवली. तीन वर्षं मागे गेले. टेंभरीच्या नावावर बिबट्याची एकही नोंद नव्हती.

"आंधी हा कुत्रा धड होता," धुरपता म्हणाली. "चार बकऱ्या तुमी फुकट शिवल्या. अजून चाळीस शिवसान. त्यापेक्षा हा एक शिवा. बैल नांगर ओढते म्हनून फुकट, तं हा बिबट्या अडवते."

"तुमचं म्हणणं खरं आहे, बाई. पण नियमात काम लिहिलेलं नाही. जनावराची जात लिहिलेली आहे."

"जात तं सगयीकडेच लिव्हते सरकार."

मधुकरराव पुढे आले. मग खाली बसून त्यांनी काबऱ्याच्या पोटाला हात लावला. हात थांबला. त्यांनी कुशीवरची दोन्ही टकलं पाहिली, सड मोजले, दारापाशी ताटकळलेल्या दोन कुत्र्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा पोट चाचपलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं? आत आहे म्हणून?"

"कोन सांगन? हाताले लागलं."

"ते नुसतं आत राहिलेलं नाही. त्याची गाठ झाली आहे. तीच कुत्रीसारखा रस सोडते, म्हणून हे केस जातात, म्हणून हे कुत्रे मागे लागतात. हा मादी झालेला नाही." ते भराभर बोलत होते. "मी याचं फक्त चित्र पाहिलंय पुस्तकात. प्रत्यक्षात कधी नाही. बाई, काढलं की ते मला द्याल? बरणीत घालून जबलपूरला आमच्या कॉलेजात पाठवीन. शिकणाऱ्यांना दाखवतील."

धुरपतानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. बाजारात गिऱ्हाईक बकरीला दुसऱ्यांदा हात लावतं तेव्हा पाहतात तसं.

"कुत्रा कोनाचा?"

"तुमचा."

"मंग त्याच्या पोटातलं कोनाचं?"

"तेही तुमचंच."

"मंग इकत घ्या. सोया रुपये सहा आने."

प्रभाकररावांच्या हातातली छडी खाली आली. "अहो बाई, लोक काढलेलं उकिरड्यावर टाकतात!"

"मंग तुमी उकिरड्यावरून आना जबलपूरले."

मधुकररावांनी खिशातून पाकीट काढलं. नोटा मोजल्या, सहा आणे सुटे काढले, आणि ते तिच्या हातावर ठेवले. तिनं ते तसेच प्रभाकररावांच्या टेबलावर ठेवले.

"अन आंधी टेंभरीत दाखवाचं," ती म्हणाली. "चावडीवर, सगयाईच्या समोर. मंग जबलपूर."

"मी स्वतः घेऊन येतो."

"अन पावती द्या. दोन द्या. एक तुमच्या फीची, एक माह्या मालाची."

दवाखान्यात ऑपरेशनचं टेबल नव्हतं, बैलांना टेबल लागत नाही. दाराची एक फळी काढून दोन खोक्यांवर टाकली. प्रभाकररावांनी काबऱ्याला 'नीज, नीज' म्हणून पाहिलं, त्यानं दात दाखवले.

"त्याले मराठी समजत नाई," धुरपता म्हणाली. "अन मी बाहेर जाईन असं समजू नका."

तिनं गोंडीत दोन शब्द सांगितले, तसा काबऱ्या फळीवर आडवा झाला. कापसावर क्लोरोफॉर्मचे थेंब पडू लागले. तिनं डोकं धरून ठेवलं, मधुकररावांनी सांगितलं तसा कापूस दूर केला, पुन्हा जवळ आणला. पोट उघडलं. तिनं मान वळवली नाही. आयुष्यभर बकऱ्यांची बाळंतपणं केलेल्या बाईला रक्ताचं काय? मधुकररावांनी दोन बोटं आत घातली आणि ते बाहेर काढलं. गुळगुळीत, पांढुरकं, कवठाएवढंच. त्याला एक दोरीसारखा देठ होता. देठाला दोन ठिकाणी रेशीम बांधून मध्ये कापलं. शेवटचा टाका पडला तेव्हा त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात बावन्न मिनिटं झाली होती.

टेंभरीचा बाजार आला आणि गेला. नत्थूजीचा लाडू खिशातच राहिला, कारण काबऱ्या सेलूत होता. पाचव्या दिवशी ती त्याला चालवत परत घेऊन आली. सहाव्या दिवशी सकाळी मधुकरराव सायकलवर आले. दांड्याला पिशवी, पिशवीत बरणी.

चावडीवर गाव जमलं होतं. पाटील, नत्थूजी, चिंधू, झाडून सगळे. बरणी ओट्यावर ठेवली तेव्हा पुढचे लोक मागे सरकले आणि मागचे पुढे आले.

"चिंधू, हे काय होय?" धुरपतानं विचारलं.

चिंधू वाकला. बराच वेळ पाहत राहिला. त्याच्यासारख्या माणसाला ओळखायला वेळ लागायचं कारण नव्हतं. देठ दिसत होता, कापलेला.

"हे... कोनाचंही असन," तो म्हणाला. "रेड्याचं असन."

"रेड्याचं माझ्याकडे कशाला येईल? माझ्या हातानं या कुत्र्याच्या पोटातून काढलंय," मधुकरराव म्हणाले.

"तू म्हनला देवानं देलंच नाई," धुरपता म्हणाली. "देवानं देलतं. तुले भेटलं नाई. एवढंच कबूल कर. मी तुह्याकडे पैसे मागून नाई राह्यली."

"किती मोठं असते हे?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"साधारण एक तोळा," मधुकरराव म्हणाले.

"अन हे?"

किराणा दुकानातला तराजू आला. मधुकररावांनी बरणीतून ते चिमट्यानं काढून कागदावर ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात तेवढाच कागद टाकला. पावशेराचं वजन ठेवलं. पारडं हललं नाही. वर छटाक ठेवला. अजून कमी पडत होतं, आणि दुकानदाराकडे त्याहून लहान वजन नव्हतं.

"रुपया एक तोळ्याचा असतो," मधुकरराव म्हणाले. "कोणाकडे आहेत का नाणी?"

धुरपतानं पाटलांकडे हात पसरला. "द्या. वापस भेटन."

रूपरावांनी खिशात हात घातला. एक, दोन, तीन. तिसऱ्या रुपयाला काटा मधोमध आला. पावशेराचे वीस, छटाकाचे पाच आणि रुपयांचे तीन, अठ्ठावीस तोळे.

चिंधूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आतलं कोनाले दिसते," तो पुटपुटला. पण रेड्याचं नाव त्यानं पुन्हा घेतलं नाही.

पाटील मात्र पाटील होते. "निघालं ते निघालं. पन कुत्रे? आज सकायीबी बसले होते ना तुह्या दारात?"

"नऊ," धुरपता म्हणाली.

"वास लगेच जात नाही," मधुकरराव म्हणाले. "महिना लागेल, दीड महिनाही लागेल."

"मंग शिमग्यापर्यंत पाहतो मी. शिमग्याच्या सकायी एकही कुत्रा दिसला तं नत्थूजी हाय."

"पाहा," धुरपता म्हणाली. "मी मोजीन. रोज."

पाटलांनी आपले तीन रुपये उचलले, धोतराला पुसले आणि खिशात टाकले. मधुकररावांनी बरणी पिशवीत घातली. निघताना त्यांनी तिला सांगितलं की आकडे मलाही कळवा, सेलूला येणाऱ्या कोणाकडूनही.

धुरपतानं कुत्र्यांसाठी वेगळे खडे घेतले, काळे. पहिल्या आठवड्यात नऊच राहिले. दुसऱ्यात अकरा झाले, आणि गावात पुन्हा कुजबुज सुरू झाली. भागीरथा म्हणाली, "दोन कमी सांग ना, कोन पाह्यते?" धुरपतानं अकराच सांगितले. तिसऱ्या आठवड्यात सात. मग लाल कानांचा आला तसाच निघून गेला. चौथ्यात चार, पाचव्यात दोन, आणि त्यानंतर एक. एक म्हणजे रूपरावांचाच. म्हातारा, एका डोळ्यानं आंधळा, सवयीनं यावा तसा रोज येऊन त्याच जागी बसे.

एके सकाळी तोही दिसला नाही. धुरपताला ते पटलं नाही. ती पाटलांच्या गुरांच्या वाडग्यात गेली. कुत्रा खुंट्याला बांधलेला होता.

"काऊन बांधला?"

पाटील ओशाळले. "अं, येऊन राह्यला होता ना तुह्याकडे. लोक हसून राह्यले होते."

"मोकया सोडा. असा बांधला तं मोजनी खोटी होते."

"तुह्याच भल्याचं करून राह्यलो, बाई!"

"माहं भलं मोजून होऊ द्या."

तिनंच वाकून दोरी सोडली. कुत्रा अंग झाडून निघाला आणि त्या दिवशी पुन्हा कुंपणाबाहेर जाऊन बसला. तिनं एक काळा खडा ठेवला. शिमग्याला पाच दिवस होते.

शिमग्याच्या सकाळी गोमाजी घरी होता. आदल्या संध्याकाळीच कूपातून आला होता आणि अंगणात काबऱ्याच्या कुशीवरून हात फिरवत बसला होता. नत्थूजी पाटलांच्या सांगण्यावरून कुंपणापाशी उभा होता. धुरपतानं दार उघडलं, कुंपणाला बाहेरून एक चक्कर मारली, मग उलटी एक मारली. मग बकऱ्या सोडल्या.

काळे खडे, एकही नाही. थैलीतले खडे, फळीवरून परत घेतलेले दोन धरून, त्रेचाळीस. दोन करडं त्या आठवड्यात झाली होती. काबऱ्याच्या दोन्ही कुशींवर केस, बोटाच्या अर्ध्या पेराएवढे.